कायद्याला दोन माणसं लागतात

"विचारलंत का वहिनींना?" सबनीसांनी फाइलीतून मान वर न काढता विचारलं.

"विचारलं," मी म्हणालो. "ती विचार करतेय."

दोन्ही वाक्यं खोटी होती. खोटं बोलायचा मला धीर नाही, त्यामुळे बोलून झाल्यावर मी उगाचच पिशवीचे बंद सारखे करू लागलो. त्या पिशवीत, जेवणाच्या डब्याशेजारी, सबनीसांनीच पाच महिन्यांपूर्वी दिलेले कोरे फॉर्म होते. एका कोपऱ्याला लोणच्याचं तेल लागलं होतं.

"पाच महिने विचार?" सबनीस म्हणाले. ते आमच्या कंपनीचे चार्टर्ड अकाउंटंट. जिभेखाली सतत लवंग धरायचे, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही जरा झोंबायचं. "अहो विश्वनाथराव, बायकोला डायरेक्टर करायचंय, चंद्रावर नाही पाठवायचं. आमची ही चार कंपन्यांत डायरेक्टर आहे. नावं विचारा, तीन सांगेल. त्यातलं एक आमच्या सोसायटीचं असेल!"

मी हसलो. असं कुणी बोललं की मी हसतो.

"हे बघा," त्यांनी शेवटी मान वर केली. "बापूसाहेब गेले सप्टेंबरअखेर. कंपनीत दोनच डायरेक्टर, दोनच भागधारक. ते आणि तुम्ही. त्यांनी मृत्युपत्रात सगळे शेअर तुम्हाला दिले. म्हणजे आता तुम्ही एकटे. प्रायव्हेट लिमिटेड एकट्याची नसते. सहा महिने चालवून घेतात, ते मार्चअखेर संपतायत. आज तीन तारीख. त्याच्या आत दुसरं माणूस आणा, नाहीतर बंद करायचे कागद घालू. काय ते एक बोला."

बंद. हा शब्द त्यांनी धमकी म्हणून वापरला होता. मला तो उन्हातून आत आल्यावर लागणाऱ्या गार फरशीसारखा वाटला.

कारण पिशवीत आणखी एक कागद होता. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून माझा जुना वर्गमित्र वामन पेंडसे यानं ऑक्टोबरात पाठवलेलं पत्र. संस्थेकडे अठराशे पोथ्या बांधलेल्या अवस्थेत पडून होत्या. त्यांची सूची करायची होती. राहायला एक खोली, दोन-तीन वर्षांचं काम, एप्रिलपासून. 'तुझ्याइतका चिकाटीचा माणूस मला दुसरा ठाऊक नाही,' असं त्यानं लिहिलं होतं. मी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. हो लिहायचं तर कंपनी सोडायला हवी होती, आणि बापूंची कंपनी सोडणं माझ्यानं होणार नव्हतं. पण दुसरं माणूस मिळालंच नाही, कायद्यानंच कंपनी बंद झाली, तर मी काही सोडलं असं होणार नव्हतं.

"मी उद्या संध्याकाळी घरीच येतो," सबनीस म्हणाले. "वहिनींच्या हातचा चहा पितो आणि सह्या घेऊन जातो."

"बरं," मी म्हणालो.

आयुष्यातले सगळे मोठे निर्णय मी या एका शब्दात घेतलेले आहेत.

त्यातला पहिला सत्तावीस वर्षांपूर्वीचा. मी पुण्यात एम. ए. करून हस्तलिखितांवर काम सुरू केलं होतं. एके दिवशी बापू, माझे थोरले भाऊ, खानावळीत येऊन बसले आणि ताटाशेजारी कागद ठेवला. त्यांना मिरजेला पर्जन्यमापकांचा कारखाना काढायचा होता. पाऊस मोजायचं साधन तसं साधं असतं: पितळी कडं असलेलं नरसाळं, खाली बाटली, आणि मिलिमीटरच्या खुणा केलेलं काचेचं मापपात्र. शेतकी खातं, साखर कारखाने, धरणाची ऑफिसं, सगळ्यांना लागतं. "कंपनी करायला कायद्याला दोन माणसं लागतात रे," बापू म्हणाले. "तू फक्त सही कर." मी बरं म्हणालो. सहा महिन्यांनी त्यांना पत्रव्यवहारासाठी माणूस हवा होता, थोड्या दिवसांसाठी. मी पुन्हा बरं म्हणालो. ते थोडे दिवस चालूच होते. मी कंपनीची पत्रं लिहीत असे, माहितीपत्रकाची मुद्रितं तपासत असे आणि टेबलाच्या खणात पुस्तक उघडं ठेवून वाचत असे. बापूंना ते माहीत होतं. खण ओढल्याचा आवाज आला की ते दारातून परत फिरत.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा शर्वरी, माझी बायको, मेथी निवडत होती. मी समोर बसलो. वाटेत मी वाक्यं जुळवली होती. सांगायचं तर होतंच, कारण उद्या सबनीस येणार होते. पण असं सांगायचं होतं की ती नको म्हणेल.

"सबनीस म्हणत होते," मी सुरुवात केली, "की कंपनीत तुझं नाव घालावं. डायरेक्टर म्हणून. पण ती फार जबाबदारीची गोष्ट आहे."

"हं."

"कागदोपत्री काही चुकलं की डायरेक्टरला धरतात. कधीकधी तुरुंगातसुद्धा जावं लागतं."

"कोण गेलं?"

"म्हणजे... आपल्याकडचं कुणी नाही. पण लागतं."

"तुम्ही सत्तावीस वर्षं आहात की," ती म्हणाली. "बाहेरच दिसता."

तिनं एक जून काडी बाजूला टाकली.

"तुझी इच्छा नसेल तर तसं सांग. मी सबनीसांना सांगेन. मग कंपनी बंद करावी लागेल, पण त्याला काही इलाज नाही."

"कागद कुठं आहेत?"

"पिशवीत."

"माहीत आहे पिशवीत आहेत. पाच महिने मी त्याच पिशवीतून डबा काढतेय." तिनं हात पदराला पुसले. "म्हटलं, तुमच्या तोंडून येतंय का बघू. ठेवा तिथं. वाचते."

डब्याशेजारी फॉर्म होते, आणि फॉर्मांच्या मागेच वामनचं पत्र होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला पुस्तकातलं पान वाचता येतं, चेहरे येत नाहीत. ती मेथी निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सबनीस ठरल्या वेळी आले. चहा झाला, त्यांनी पेन काढलं आणि फॉर्म गुडघ्यावर घेतला.

"आधी पॅनकार्ड काढू. वहिनींचं नसेलच. ते आलं की डायरेक्टरचा नंबर, मग काय ती सही. हां, नाव. शर्वरी विश्वनाथ मोघे. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

"नाही," ती म्हणाली. "द्वारका गणेश लेले."

सबनीसांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे.

"ते माहेरचं झालं वहिनी."

"माझं झालं. शाळेच्या दाखल्यावर तेच आहे. बी. एस्सी.च्या पदवीवर तेच आहे."

"पण निवडणूक ओळखपत्र? रेशनकार्ड?"

"त्याच्यावर यांनी ठेवलेलं आहे."

"मग सोपं तेच घालू ना! ओळखपत्र जोडलं की झालं. तुमचं म्हणणं ऐकायचं तर दोन नावांची भानगड. पदवी एका बाईची, पत्ता दुसऱ्या बाईचा. आणि खरं सांगू का, नुसत्या सहीचा तर प्रश्न आहे. कोणतं नाव, काय फरक पडतो?"

"नुसत्या सहीचाच प्रश्न आहे," ती म्हणाली, "तर ती माझी असू दे."

मला आठवतं, त्या क्षणी मला आनंद झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता. अडचण आपणहून चालत आली होती.

"एवढं अवघड असेल तर राहू द्या," मी म्हणालो. "उगाच तिला त्रास कशाला? तारीखही जवळ आलीय."

"थांबा हो," सबनीस म्हणाले. मिळत आलेली सही सोडणारा तो माणूस नव्हता. "मार्ग आहे. नवऱ्यानं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं, की या दोन नावांची बाई एकच. कोर्टापाशी नोटरी बसतात, उद्या दुपारी करून टाका. मजकूर मी टाइप करून पाठवतो. आणि वहिनी, शेअर. कायद्यापुरता एक नावावर केला तरी चालतो."

"निम्मे," ती म्हणाली.

सबनीसांची लवंग बहुधा दाताखाली आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिनं नाही पाहिलं.

"बरं," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी कपबश्या उचलायला लागलो. शर्वरी हे नाव मी ठेवलं होतं. लग्नाआधी महिनाभर कोश चाळून. द्वारका हे तिच्या आजीचं नाव होतं, आणि पंचविशीतल्या मला ते जुनाट, जड वाटलं होतं. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं मी ते नवं नाव लिहिलं तेव्हा बायका कौतुकानं 'अगंबाई, काय वेगळं नाव!' म्हणाल्या होत्या. ती खाली मान घालून बघत होती. मला वाटलं होतं, तिला आवडलं. तसं तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारायची रीतच नव्हती. नंतर ते तांदूळ कुणीतरी हातानं सारखे करून उचलून नेले.

पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी तांदळांचा विचार करत नव्हतो. मी एवढाच विचार करत होतो की सगळं आता माझ्या सहीवर आलंय. प्रतिज्ञापत्र मी केलं नाही, तर पॅनकार्ड नाही. पॅनकार्ड नाही तर डायरेक्टर नाही. मला नाही म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं आजारी पडलं तरी पुरलं असतं. मला सर्दी पटकन होते.

सकाळी मी कारखान्यात गेलो. वाटलं, कामगारांना काहीतरी सूचना द्यायला हवी; अकरा माणसं होती. त्यातल्या त्यात ज्याच्याशी मला बोलता येई तो इस्माईल मुजावर, पहिल्या दिवसापासूनचा मिस्त्री. तो पितळी कड्याला कॅलिपर लावून बघत होता.

"इस्माईल, कदाचित... म्हणजे अजून नक्की नाही. पण मार्चनंतर कंपनी चालेलच असं नाही."

त्यानं कडं खाली ठेवलं. "का हो सायेब?"

"कायद्याला दोन माणसं लागतात. बापू गेले. मी एकटा."

"मग दुसरं माणूस हाय की."

"कोण?"

"बाई."

"कोण बाई?"

इस्माईल माझ्याकडे बघत राहिला. मी चेष्टा करतोय का, हे तो पाहत असावा. पण मी कधी चेष्टा केल्याचं त्याच्या आठवणीत नव्हतं.

"तुमच्या घरच्या बाई हो. काचा कोण तपासतंय मग?"

पॅकिंगच्या टेबलावर खोकी उघडी होती. प्रत्येक मापपात्राच्या खोक्यात एक चिठ्ठी जाते. कागद कोणता, अक्षर केवढं, हे मीच ठरवलेलं. 'या मापाची प्रत्यक्ष पाणी घालून तपासणी केली आहे.' आणि खाली शाईनं, हातानं: द्वा. ले. ही चिठ्ठी मी हजारो वेळा पाहिली होती. गिऱ्हाइकांना पाठवायच्या प्रत्येक पत्रात मी लिहीत होतो की आमचं प्रत्येक माप स्वतंत्रपणे तपासलेलं असतं. द्वा. ले. म्हणजे कारखान्यातला कुणीतरी असणार, एवढं धरून मी चाललो होतो. अकरा माणसांत लेले नावाचं कुणी नाही, हे मला पगारपत्रकावर सही करताना दर महिन्याला दिसत होतं.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"धा-पंधरा झाली की. मोठ्या सायबांचे डोळे अधू झाले तेव्हापास्नं. मी फटफटीवर काचा न्हेऊन टाकतो दुपारी, दुसऱ्या दिवशी आणतो. बाई एकेक खूण पाणी सोडून बघतात. शंभरात आठ-धा माघारी धाडतात. एकदा सायेब म्हणाले, जाऊ दे, केसाएवढा तर फरक हाय. बाई म्हणाल्या, त्या केसावर कुणाचातरी दुष्काळ ठरतो. तवापास्नं सायबांचा हुकूम, या सहीशिवाय खोकं भायेर जायाचं न्हाई." त्यानं आवाज खाली आणला. "तुम्हास्नी ठावंच न्हवतं व्हय?"

ठाऊक नव्हतं असं तरी कसं म्हणू? घरी मागच्या खोलीत पेंढा घातलेल्या पेट्या असत. दुपारी ती बापूंचं काहीतरी काम करते, हे मला माहीत होतं. मी समजत होतो, लेबलं चिकटवते.

"होतं," मी म्हणालो. आठवड्यातलं तिसरं खोटं.

बारा वाजता ती कोर्टाच्या फाटकापाशी उभी होती. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात दाखले. मला सर्दी झाली नव्हती. मी आलोय हे बघून ती चालू लागली.

नोटरी पिंपळाखाली टेबल टाकून बसले होते. माणूस वयस्कर, घाईत. त्यांनी सबनीसांचा टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला आणि शिक्का शाईच्या डबीवर टेकवला. "इथं सही, इथं सही."

मी कागद उचलून वाचायला लागलो.

"वाचायला काय आहे त्यात? सगळ्यांचं तेच असतं."

"ते वाचल्याशिवाय सही करत नाहीत," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं, पण माझे कान तापले.

'मी, विश्वनाथ हरी मोघे, वय वर्षे ५२, प्रतिज्ञेवर लिहून देतो की, शर्वरी विश्वनाथ मोघे व द्वारका गणेश लेले ही दोन्ही नावे माझ्या पत्नीची असून सदर व्यक्ती एकच आहे. वरील मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीनुसार खरा आहे.'

मी पुन्हा वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबलो. तिसऱ्यांदा वाचलं.

"काही चुकलंय का?" नोटरींनी विचारलं.

"नाही. म्हणजे... पाच मिनिटं देता का?"

त्यांनी शिक्का आडवा ठेवला, माझ्यामागच्या माणसाला पुढे बोलावलं. मी कागद घेऊन पाराच्या कडेला बसलो. ती येऊन शेजारी बसली. मध्ये एक हात अंतर होतं.

"काचा तू तपासतेस," मी म्हणालो.

"इस्माईलनं सांगितलं?"

"हो."

"चला. कुणीतरी सांगितलं."

"तू का नाही सांगितलंस?"

"मागच्या खोलीचं दार कधी बंद नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही दुपारी लवकर आलात की शेजारच्या खोलीत वाचत बसायचा. मधे भिंतसुद्धा नाही, पडदा आहे. पाणी सोडल्याचा आवाज यायचा की नाही?"

यायचा. मला वाटायचं, नळ गळतोय. एकदा मी प्लंबरलाही बोलावलं होतं.

"बापूंनी तुला कंपनीत घ्यायला हवं होतं," मी म्हणालो.

"भाऊजी दोनदा म्हणाले. मी म्हटलं, यांनी विचारू दे मग." ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती. "आणि पुण्याचं पत्र वाचलंय मी. ऑक्टोबरातच."

पारावर एक शेंगदाणेवाला होता, त्याची पाटी मी कितीतरी वेळ बघत राहिलो.

"मी जाणार असं काही ठरवलेलं नव्हतं," मी म्हणालो.

"ते माहीत आहे. तुम्ही काहीच ठरवलेलं नव्हतं. मी नको म्हणायची, कंपनी आपोआप मिटायची, आणि तुम्ही मोकळे. असंच ना? म्हणजे अकरा घरांचं माझ्या डोक्यावर, आणि पोथ्या तुमच्या."

इतकं स्पष्ट मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

"जा ना तुम्ही," ती म्हणाली.

"काय?"

"जा पुण्याला. कोण अडवतंय? मी कारखाना बघते. इस्माईल आहे. पत्रं मलाही लिहिता येतात, तुमच्याइतकी लांब नसतील. तुम्ही नावापुरते डायरेक्टर राहा, वर्षातून चार वेळा येऊन सह्या करा. कायद्याला दोन माणसं लागतात. दुसऱ्या माणसानं काही करायलाच हवं असं नाही. पंचवीस वर्षं बघतेय की मी."

हे ती टोचून म्हणाली की नुसतं हिशेबानं, हे मला आजही सांगता येत नाही. तिच्या चेहऱ्यावर त्यावेळी राग नव्हता. उन्हं पानांतून तिच्या कपाळावर पडली होती आणि ती डोळे बारीक करून माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होती, काचेवरची खूण बघावी तशी.

"चला, तो माणूस उठेल जेवायला," ती म्हणाली.

मी उठलो. टेबलापाशी गेलो. 'माझ्या व्यक्तिगत माहितीनुसार' या शब्दांखाली सही केली. खरं तर ती माहिती मला त्याच सकाळी दहा वाजता झाली होती, आणि पुरती झाली होती असंही नाही. नोटरींनी शिक्का मारला. "झालं. एवढ्यासाठी पाच मिनिटं!"

पॅनकार्ड सत्तावीस तारखेला आलं. सबनीसांनी दोन दिवस आणि एक डबी लवंगा खर्च करून बाकीचं उरकलं. एकतीस मार्चला दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर कंपनीची सभा झाली. हजर दोघं. वृत्तांताचं जाड पुस्तक बापूंच्या कपाटातून आणलं होतं. त्यातलं पहिल्या पानापासूनचं सगळं माझ्याच अक्षरात.

"लिहा," ती म्हणाली.

मी लिहिलं: 'श्रीमती द्वारका गणेश लेले यांची संचालकपदी नियुक्ती.' शाई वाळेपर्यंत मी थांबलो. तिनं पुस्तक आपल्याकडे फिरवून घेतलं, वाचलं आणि परत दिलं. मग शेअर सर्टिफिकेट. त्यावरही मीच नाव घातलं. ते तिनं दाखल्यांच्या पिशवीत ठेवलं.

"आता पुढचा ठराव," ती म्हणाली. "संचालक श्री. विश्वनाथ मोघे यांना पुण्यातील कामासाठी एक एप्रिलपासून तीन वर्षांची रजा देण्यात येत आहे."

माझा हात थांबला.

"लिहा. सूचक मी. अनुमोदन तुम्हालाच द्यावं लागेल, दुसरं माणूस नाही."

मी लिहिलं. ठराव एकमताने मंजूर, असंही लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

त्या रजेवर मी गेलो नाही.

कारणं बरीच सांगता येतील. मी वामनला पत्र लिहायला बसलो, दोनदा फाडलं. मग वाटलं, पाऊसकाळ होऊन जाऊ दे, मागण्या फार असतात. मग वामनचं कार्ड आलं की दुसऱ्या एकाला घेतलंय, पण काम पुष्कळ आहे, तू केव्हाही ये. त्यानंतरही मी गेलो नाही. सत्तावीस वर्षं मी धरून चाललो होतो की बापूंनी मला डांबून ठेवलंय. खोलीला कडी बाहेरून आहे, एवढं पक्कं ठाऊक असल्यामुळे मी दार कधी ओढून पाहिलं नव्हतं.

यालाही आता अठरा वर्षं झाली. वामन गेला. पोथ्यांची सूची छापून आली, चांगली आहे. मी विकत घेतली. इस्माईलचा जावई आता मिस्त्री आहे. कारखाना तिनं वाढवला. दुपारी मी पडद्याच्या अलीकडच्या बाजूला बसत नाही. पलीकडे बसतो. ती नळीतून पाणी सोडते, आकडा सांगते, मी वहीत उतरवतो. माझ्या चुका ती शंभरात आठ-दहा काढते. घरी मी तिला शर्वरी म्हणणं प्रतिज्ञापत्राच्या दिवसापासून सोडलं, पण द्वारका म्हणायला जीभ वळली नाही. नुसतं 'अगं' म्हणतो. ते नाव मी फक्त वृत्तांताच्या पुस्तकात लिहितो.

दर वर्षी सभेत आधीचे राहिलेले विषय वाचून दाखवावे लागतात. मी वाचतो. त्या रजेच्या ठरावापाशी आलो की ती चष्म्यावरून बघते. गेल्या महिन्यातही पाहिलं.

"तो अजून तसाच आहे," ती म्हणाली. "रद्द करायचा का?"

"राहू दे," मी म्हणालो.

"मग जा तरी."

मी शाईपेनाचं टोपण काढलं आणि पुढच्या विषयाचा आकडा घातला.